मुंबई–लंडन हवाई अंतर : रेषा, मार्ग आणि काल

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याच्या निबंधात काही दिवसांपूर्वी पुढील आशयाचे विधान वाचनात आले : विमानाच्या वाढत्या वेगामुळे लंडन मुंबईपासून नऊ तासांवर आले. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि इतिहास म्हणूनही ते सहसा कोणाला खटकत नाही. तथापि त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. दोन शहरांमधील भूमितीय अंतर, विमान प्रत्यक्ष ज्या मार्गाने जाते त्या मार्गाची लांबी, आणि प्रवासाला लागणारा काल, ह्या त्या तीन गोष्टी होत. त्यांचा इतिहास एक नाही. पहिलीत मानवी काळाच्या मापाने काही बदल झालेला नाही. दुसरी कधी आखडली, कधी लांबली. तिसरी फार आखडली. परंतु त्याचे श्रेय केवळ वेगाला देता येईल काय, हा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मुंबई आणि लंडन ह्या दोन विमानतळांच्या उदाहरणावरून ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. शब्दांची साक्ष

आरंभी भाषेकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही, कारण ह्या गोंधळाचे मूळ काही अंशी आपल्या शब्दांतच आहे. मराठीत आपण 'चार कोसांवर' म्हणतो, तसेच 'दोन दिवसांवर' आणि 'नऊ तासांवर' म्हणतो. स्थळाच्या मापाला जो प्रत्यय लागतो, तोच काळाच्या मापालाही लागतो. हा काही विमानयुगाचा परिणाम नव्हे. अंतराची आपली जुनी मापे मुळातच माणसाच्या वा जनावराच्या शक्तीशी बांधलेली होती. 'कोस' हा शब्द संस्कृत 'क्रोश' ह्यापासून आला. त्याचा मूळ अर्थ आरोळी. आजही आपण 'हाकेच्या अंतरावर' असे म्हणतो, त्यात तीच कल्पना जिवंत आहे. 'योजन' हा शब्द 'युज्' म्हणजे जुंपणे ह्या धातूपासून झाला. 'मजल' हा अरबी 'मंझिल' ह्या शब्दाचा मराठी अवतार. मूळ अर्थ उतरण्याची जागा, आणि त्यावरून एका दिवसात तोडावयाची वाट. मजल दरमजल करीत जाणाऱ्या वाटसरूच्या लेखी अंतर म्हणजे वाटेत पडणारे मुक्काम होते.

खुद्द 'अंतर' हा शब्द स्थळ आणि काळ ह्या दोहोंचा आहे. 'देशांतर' आणि 'कालांतर' ह्या दोन्ही समासांत तो सारख्याच सहजतेने बसतो. त्यातही 'देशांतर' ह्या शब्दाचा ज्योतिषसिद्धांतांतील उपयोग विशेष लक्षणीय आहे. उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेषेपासून एखादे गाव पूर्वेस वा पश्चिमेस किती आहे, आणि त्यामुळे तेथील वेळेत किती फरक पडतो, ह्या संस्कारास देशांतर म्हणत. म्हणजे एकाच संज्ञेत योजनेही आली आणि घटिका-पळेही आली. पूर्वसूरींनी ह्या दोन राशी एका नावाखाली ठेवल्या खऱ्या, पण त्यांचे गणित मात्र वेगवेगळे केले. आपण नाव एक ठेवले आणि गणितही एकच समजू लागलो.

२. नकाशावरील रेषा

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग म्हणजे त्या दोन बिंदूंवरून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा लहान कंस होय. ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, ते बृहद्वृत्त. मुंबईचा विमानतळ सुमारे १९.१ उत्तर अक्षांश आणि ७२.९ पूर्व रेखांश ह्यांवर आहे. लंडनचा हीथ्रो विमानतळ सुमारे ५१.५ उत्तर अक्षांशावर, ग्रिनिचच्या किंचित पश्चिमेस आहे. ह्या आकड्यांवरून गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केला असता दोहोंमधील कंस सुमारे ६५ अंशांचा भरतो. एका अंशास सुमारे १११ किलोमीटर धरले, तर हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे ३,९०० सागरी मैलांच्या आसपास येते. सागरी मैल हे मापच मुळी अशा कंसाच्या एका कलेवरून घेतलेले असल्यामुळे हा हिशेब नाविकांना आणि वैमानिकांना सोयीचा पडतो.

शाळेच्या भिंतीवरील मर्केटर पद्धतीच्या नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडली, तर मिळणारी सरळ रेषा दक्षिण इराण, इराक आणि तुर्कस्तान ह्यांवरून जाते. ती दिसावयास सरळ असली, तरी बृहद्वृत्ताहून सुमारे २०० किलोमीटरांनी लांब आहे. खरा लघुतम मार्ग मुंबईहून वायव्येस निघतो आणि कराची शहराच्या जवळजवळ माथ्यावरून जातो. पुढे बलुचिस्तान, इराण, कॉकेशसचा प्रदेश, काळा समुद्र, युक्रेन आणि मध्य युरोप अशी त्याची वाट आहे. ही नामावळी वाचकांनी ध्यानात ठेवावी. भूमितीने आखलेल्या ह्या रेषेवर इतिहासाने किती फाटके उभी केली, ते पुढे दिसेल.

३. समुद्रमार्गाचे दोन धडे

हवाई मार्गाच्या आधीचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा लंडन–मुंबई समुद्रमार्ग सुमारे १०,७०० सागरी मैलांचा होता. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला, आणि हे अंतर सुमारे ६,३०० सागरी मैलांवर आले. येथे मार्गाची लांबी खरोखरच कमी झाली. पृथ्वीवरील दोन शहरे जागची हलली नव्हती. मधली आडकाठी तेवढी दूर झाली. हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याच्या आधीचा आहे. मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून निघाली आणि एप्रिलमध्ये सुवेझला पोहोचली. प्रवासास महिन्याहून थोडा अधिक काळ लागला. परंतु त्यातील पुष्कळ दिवस वाटेतील बंदरांवर कोळसा भरण्यात गेले. यंत्राचा वेग आणि प्रवासाचा वेग ह्यांतील तफावत येथे प्रथमच ठळकपणे दिसते. यंत्र चालते त्या वेळेइतकीच ते थांबते ती वेळही महत्त्वाची असते, हे सूत्र पुढील शंभर वर्षांच्या हवाई इतिहासालाही लागू पडते.

४. कराची हे द्वार

३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज ह्या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंतची नियमित सेवा सुरू केली. हा प्रवास एका विमानाचा नव्हता. क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, बाझेलहून जिनोआपर्यंत आगगाडी, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत जलविमान आणि तेथून कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवरून उडणारे विमान, असा तो होता. त्यास सात दिवस लागत. अखेरच्या टप्प्यावरील डी हॅविलंड हर्क्युलिस विमानाचा वेग ताशी सुमारे ११० मैल होता. संपूर्ण मार्ग सुमारे ५,००० मैलांचा धरून ह्या वेगाने भागले, तर सुमारे ४५ तास येतात. सात दिवसांचे तास १६८ होतात. म्हणजे वेळाचा तिसरा हिस्साही आकाशात जात नव्हता. उरलेला काळ रात्रीचे मुक्काम, इंधन, आगगाडी आणि वाहनबदल ह्यांत जाई. जुन्या अर्थाने ही मजल दरमजलच होती; फरक इतकाच, की मजल लांब झाली होती.

ह्या व्यवस्थेत मुंबईचे स्थान काय होते? १९२४ साली अपोलो बंदरावर जे स्मारक खुले झाले, त्याचे नाव 'गेटवे ऑफ इंडिया', म्हणजे भारताचे प्रवेशद्वार. सागरी मार्गाच्या दृष्टीने ते नाव सार्थ होते. परंतु हवाई मार्गाने येणाऱ्यास भारताचे द्वार कराची हे झाले. तेथून मुख्य मार्ग १९२९ च्या अखेरीस दिल्लीपर्यंत आणि १९३३ साली कलकत्त्यापर्यंत व पुढे सिंगापूरपर्यंत गेला. मुंबई त्या मार्गावर नव्हतीच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे पस मॉथ जातीच्या लहानशा विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादवरून मुंबईस जुहूच्या धावपट्टीवर उतरले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून ह्या घटनेचे स्मरण योग्यच आहे. परंतु तिचा भूगोलही पाहावयास हवा : मुंबई ही त्या दिवशी एका आंतरराष्ट्रीय मार्गाला फांदी म्हणून जोडली गेली. ज्या कराचीवरून ती जोडली गेली, ती मुंबई–लंडन बृहद्वृत्तावरच आहे, हे आपण वर पाहिले. तेव्हा ह्या फांदीने मुंबईकराच्या पत्राला फारसा वळसा पडत नव्हता. राजकीय सीमा आड नसताना भूमिती आणि मार्ग ह्यांचा येथे बराचसा मेळ बसला होता.

५. थांबे आणि वेग

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १९४८ च्या मार्चमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघून कैरो व जिनीव्हा येथे थांबत १० जून रोजी लंडनला पोहोचले. कराची आता परराज्यात होती, आणि हा मार्ग तिला टाळून पश्चिमेस गेला. मुंबई–कैरो, कैरो–जिनीव्हा आणि जिनीव्हा–लंडन ह्या तीन टप्प्यांच्या बृहद्वृत्तीय लांबींची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर होते. म्हणजे सरळ अंतरापेक्षा सुमारे ७०० किलोमीटर अधिक. तरीही सात दिवसांचा प्रवास दीड-दोन दिवसांवर आला. ह्यात वेगाचा वाटा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे, कारण हर्क्युलिसच्या तुलनेत कॉन्स्टेलेशनचा वेग अडीचपटीहून अधिक होता. परंतु आगगाडीचा टप्पा गेला, वाहनबदल गेले, रात्रीचे मुक्काम गेले, विमान रात्रीही उडू लागले, ह्याचा वाटाही तितकाच मोठा मानावा लागेल.

पुढील टप्प्यात तर वेगाचे स्पष्टीकरण आणखी अपुरे पडते. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कॉमेट ह्या ब्रिटिश जेट विमानाची लंडन–कोलंबो सेवा मुंबईवरून सुरू झाली. पण लागोपाठच्या अपघातांनंतर १९५४ साली ते विमान सेवेतून काढून घ्यावे लागले. १९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ ही जेट विमाने सेवेत आणली. त्यांचा प्रवासवेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर होता. आज मुंबई–लंडन मार्गावर उडणाऱ्या विमानांचा वेगही साधारण तेवढाच आहे. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळात विमान अधिक वेगाने उडू लागले नाही. ध्वनीहून वेगवान असे काँकॉर्ड विमान २१ जानेवारी १९७६ रोजी लंडन–बहारीन मार्गावर आले खरे, पण २००३ साली त्याची सेवा संपली, आणि त्या वेगाचा वारसा कोणी चालविला नाही. तरीही १९६० नंतर मुंबई–लंडन प्रवासाचा काल कमी झाला, तो वाटेतील थांबे गळाल्यामुळे. इंजिने अधिक काटकसरी झाली, टाक्या मोठ्या झाल्या, आणि एका दमात संपूर्ण पल्ला गाठणे शक्य झाले. तेव्हा वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या वाक्यातील 'वाढत्या वेगामुळे' हा शब्दप्रयोग जेटयुगाच्या बहुतेक काळापुरता तरी सोडून द्यावा लागतो.

थांब्याची किंमत केवळ तासांत मोजून भागत नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरोहून जिनीव्हाकडे जात असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जिनीव्हास उतरण्याच्या तयारीत असता त्याच पर्वतावर नष्ट झाले. त्यात ११७ जणांचा अंत झाला, आणि डॉ. होमी भाभा त्यांपैकी एक होते. अपघातांची तात्कालिक कारणे वेगळी असली, तरी दोन्ही विमाने त्या शिखरांजवळ आली ती जिनीव्हाच्या थांब्यासाठी. ज्या वाटेवर उतरणे आहे, त्या वाटेवर उतरण्याचा धोकाही आहे. आज हा पल्ला विनाथांबा ओलांडणारा प्रवासी वेळेबरोबर तो धोकाही मागे टाकतो, ह्याची त्याला बहुधा जाणीव नसते.

६. आकाशाच्या सीमा

समुद्र सर्वांसाठी मोकळा आहे, ही कल्पना आंतरराष्ट्रीय कायद्यात रुजली. आकाशाच्या बाबतीत मात्र उलट घडले. १९१९ च्या पॅरिस कराराने आणि पुढे ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य केले. ह्या एका तत्त्वामुळे बृहद्वृत्त ही केवळ गणिताची रेषा राहिली, आणि प्रत्यक्ष मार्ग हा परवानग्यांचा विषय झाला.

ह्याची उदाहरणे आरंभापासून सापडतात. इराणी किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी न राहिल्यामुळे १९३२ साली इंपीरियल एअरवेजला आपला मार्ग आखाताच्या अरबी बाजूस न्यावा लागला, आणि त्यातून शारजा हे हवाई मार्गावरील ठाणे उदयास आले. पुढे अनेक दशके आपल्या रेषेचा कॉकेशसमधील आणि युक्रेनमधील भाग सोव्हिएत संघाच्या आकाशात होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली, तेव्हा कराचीहून ढाक्यास जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेवरून वळसा घ्यावा लागला. एकाच राष्ट्राच्या दोन भागांमधील अंतर एका आदेशाने सुमारे दुप्पट झाले. त्या वर्षाच्या अखेरीस ते दोन भाग दोन राष्ट्रे झाले.

अलीकडची उदाहरणे वाचकांच्या स्मरणात असतील. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीस पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते पूर्णपणे खुले झाले १६ जुलै रोजी. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्धाला तोंड फुटताच युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांसाठी पुन्हा तेच केले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. दुसऱ्या विभागाच्या शेवटी दिलेली नामावळी आता पुन्हा पाहावी. ज्या रेषेवर १९३२ साली कराची ही मुंबईची वाटेवरची शेजारीण होती, त्याच रेषेवर पहिले बंद दार कराचीचे लागते. मुंबईहून निघालेले भारतीय विमान अशा वेळी अरबी समुद्रावरून पश्चिमेस वळते. भूमितीच्या दृष्टीने ह्यात काहीही घडलेले नसते. मार्गाच्या दृष्टीने मात्र दोन शहरे एकमेकांपासून दूर सरकलेली असतात.

७. घड्याळाचा प्रश्न

कालाच्या मोजणीविषयी दोन खुलासे आवश्यक आहेत. ७,२०० किलोमीटरांस ताशी ९०० ने भागले, तर आठ तास येतात. वेळापत्रकात मात्र सुमारे नऊ ते दहा तास दाखविलेले असतात. वाढीव वेळात मार्गाचा वळसा, चढण्या-उतरण्यातील कमी वेग आणि धावपट्टीपर्यंतचे जमिनीवरील चालणे ह्यांचा समावेश होतो. शिवाय त्या उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. म्हणून लंडनला जाणारा प्रवास लंडनहून येणाऱ्या प्रवासापेक्षा सहसा लांबतो. येण्याचे आणि जाण्याचे अंतर एक, पण काल दोन, ही गोष्ट 'नऊ तासांवर' ह्या प्रयोगात मावत नाही.

दुसरा खुलासा स्थानिक वेळेचा. वेळापत्रकातील निघण्याची वेळ एका गावची आणि पोहोचण्याची वेळ दुसऱ्या गावची असते. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमधील उन्हाळी वेळेत हा फरक साडेचार तासांचा होतो. त्यामुळे घड्याळावर विसंबणाऱ्यास जाण्याचा प्रवास चार-पाच तासांचा आणि येण्याचा तेरा-चौदा तासांचा भासतो. जुन्या साधनांत तर अधिकच सावध राहावे लागते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपला स्थानिक काळ, जो ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होता, १९५५ पर्यंत टिकवून धरला. १९३२ वा १९४८ च्या कागदपत्रांत मुंबईची एखादी वेळ आढळली, तर ती कोणत्या घड्याळाची, हे ठरविल्यावाचून प्रवासाचा काल काढू नये. ३९ मिनिटांची चूक त्यात दडलेली असू शकते. प्राचीन ज्योतिष्यांचा देशांतरसंस्कार आधुनिक इतिहासकारालाही चुकलेला नाही, असेच म्हणावयाचे.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा, की 'जग लहान झाले' हे विधान इतिहासाचे विधान म्हणून स्वीकारण्यापूर्वी त्यातील 'जग' म्हणजे रेषा, मार्ग की काल, हे विचारले पाहिजे. काल कमी झाला, तो काही वेळा वेगामुळे, काही वेळा मार्गामुळे, आणि फार वेळा थांबे गळाल्यामुळे. मार्ग कमी झाला, तो कालव्यासारख्या बांधकामामुळे आणि राष्ट्रांच्या संमतीमुळे. आणि संमती मागे घेता येते. कालाची कपात ही यंत्राची कायमची मिळकत आहे असे आपण समजतो. तिचा एक मोठा भाग प्रत्यक्षात करारांच्या आधारावर उभा आहे, आणि तो एका सूचनेसरशी परत घेतला जाऊ शकतो, हे २०१९ आणि २०२५ ह्या वर्षांनी दाखवून दिले.

म्हणून प्रवासाच्या इतिहासावर लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. अंतराचा आकडा देताना तो बृहद्वृत्ताचा की प्रत्यक्ष मार्गाचा, हे लिहावे. कालाचा आकडा देताना तो आकाशातील की दारापासून दारापर्यंतचा, कोणत्या दिशेचा आणि कोणत्या घड्याळाचा, हेही लिहावे. निबंधातील ते वाक्य मी खोडले नाही. त्याच्या बाजूस एवढेच लिहिले, की लंडन मुंबईपासून नऊ तासांवर आहे हे खरे, परंतु ते सर्व वर्षी आणि सर्वांसाठी नऊ तासांवर नसते. आपल्या भाषेने 'अंतर' ह्या एका शब्दात दोन गावांमधील वाट आणि दोन मनांमधील दुरावा हे दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. मुंबई आणि कराची ह्यांच्यामधील आकाशाचा इतिहास पाहिला, म्हणजे ह्या दोन अर्थांना वेगळे ठेवणे किती कठीण आहे, ह्याची प्रचीती येते.